लाल टोपीखालचं नाव

रोज सकाळी चहाची बशी हातात आली की कादरचाचा फवारणीच्या औषधाच्या डब्याबरोबर येणारी घडीची चिठ्ठी उघडायचे आणि तिच्यावरचं नाव उलटीकडून वाचायचे. आधी शेवटचा तुकडा, मग त्याला मागचा जोडून, मग आणखी मागचा. "झोल. नॅझोल. कोनॅझोल. प्रोपिकोनॅझोल." बशी ओठांशी न्यायची, थांबायचं, पुन्हा शेपटीपासून सुरू. त्यांना चष्मा होता, पण चिठ्ठीवरची छपाई इतकी बारीक असायची की चष्म्यावर आणखी एक भिंग धरावं लागे. भिंग हातात आलं की राग सुरू व्हायचा.

"बघ ही," ते मला दाखवायचे. "केळीचा घड केवढा छापलाय. आणि 'तोंडाला फडकं बांधा' केवढं छापलंय? मुंगीनं वाचायचं का हे?"

गॅसपाशी बसलेल्या जैनबचाची तिथूनच शब्द फेकायच्या.

"मोल."

"मला विकायचं नाहीये."

"गोल."

"कशाला गोल?"

"मग खोल."

चाचांची बशी हवेतच थांबायची. "तोंडावरचं फडकं नको खोल," ते हळू म्हणायचे, मग मोठ्यानं, मांडीवर ठेका धरून. "प्रोपिकोनॅझोल, प्रोपिकोनॅझोल, तोंडावरचं फडकं नको खोल."

"झालं ना? आता तो चहा प्या. पाणी झालं त्याचं."

फैजपूरला आमच्या आणि त्यांच्या घराची भिंत एकच. ती पातळ होती आणि चाचांचा आवाज जाड. ज्या वयात मुली बडबडगीतं म्हणतात त्या वयात मी इमिडाक्लोप्रिड न अडखळता म्हणायचे.

चाचांची रिक्षा होती आणि रिक्षाच्या टपावर भोंगा. नळपट्टीची मुदत, साड्यांचा सेल, हरवलेली म्हैस, मयताची खबर, गावाला जे कळायचं ते त्यांच्या तोंडून. त्याआधी, तरुणपणी, सहा वर्षं त्यांनी पाठीवर पंप घेऊन रोजंदारीनं फवारणी केली होती. पावसाळ्यात कपाशीत, इतर वेळी केळीत. त्या सहा वर्षांत त्यांचं नाक गेलं. त्यांना कसलाच वास येत नसे. दूध करपलं तर चाचींनी ओरडून सांगायचं, बिर्याणीचं झाकण उघडलं तरी चाचींनीच ओरडून सांगायचं. कुठल्या औषधानं नाक नेलं ते त्यांना कधी कळलं नाही, कारण त्या काळी फवारणारे सगळे डबे टोपीवरून ओळखत. लाल टोपी, हिरवी टोपी, निळी टोपी. नाव वाचता येणारा माणूस बांधावर उभा असायचा, आणि तो सांगायचा नाही.

म्हणून कृषी सेवा केंद्रांच्या जाहिरातीची गाणी त्यांच्याकडे आली तेव्हा त्यांनी एक नियम केला. दुकानदाराला आपलं दुकान गाण्यात हवं असे, किडीचा नायनाट हवा असे. ते चाचा देत. पण औषधाचं खरं नाव, ते लांबलचक, जिभेला गाठ मारणारं, ते गाण्यात येणार म्हणजे येणार. आणि त्याचं यमक चिठ्ठीत जे बारीक छापलंय त्याच्याशीच जुळणार.

"मोठ्या अक्षरातलं सांगायला डबा आहे ना," ते म्हणायचे. "मी बारकं सांगणार."

इमिडाक्लोप्रिडला सगळ्यांना आधी 'कीड' सुचतं. दुकानदारालाही तेच सुचलं होतं. चाचांनी ते उडवून लावलं. "कीड मरते हे तर तो डब्यावर ओरडतोच आहे." तीन सकाळी चिठ्ठी घेऊन बसले आणि चौथ्या दिवशी रिक्षा गल्लीतून निघाली ती हे गात:

इमिडाक्लोप्रिड, इमिडाक्लोप्रिड,
मालकाला हातमोजे माग, कसली भीड?

त्या संध्याकाळी माझे वडील, लोटन चौधरी, भिंतीपलीकडे जाऊन भांडले. आमची केळी, आमचेच मजूर. "कादर, माझा माणूस माझ्याच बांधावर उभा राहून माझ्याच तोंडावर गाणं म्हणतो. हातमोजे माग म्हणे! तू औषध विकतोयस का संप करतोयस?"

"दिलेस का मग?"

"काय?"

"हातमोजे."

वडील परत आले, आणि दुसऱ्या दिवशी सावद्याहून रबरी हातमोज्यांचे सहा जोड घेऊन आले. आठवडाभर चाचांशी बोलले नाहीत.

एम.ए.च्या दुसऱ्या वर्षी मी जळगावला शिकत असताना लघुप्रबंधासाठी या गाण्यांचा विषय मांडला. आमच्या मार्गदर्शकांनी यादीवर नजर टाकली आणि म्हणाले, "हे जाहिरातीचं गाणं झालं. यात साहित्य कुठं आहे?" मी दुसरा विषय घेतला, त्यावर मला चांगले गुण मिळाले, आणि त्या गुणांची मला आजही लाज वाटते. चाचांना सांगितलं तेव्हा ते हसले नाहीत. "त्यांना सांग, पंप पाठीवर घेऊन एकदा शेताला फेरी मारा. मग विचारू, साहित्य कुठं आहे."

असा हा माणूस एकदा चुकला. ती चूक मी लपवणार नाही, कारण त्यांनीही कधी लपवली नाही.

भडगावला एक नवं कृषी सेवा केंद्र निघालं होतं. मालक जितेंद्र, शेतकीचा पदवीधर, तिशीतला, गोड बोलणारा. त्याला कपाशीच्या एका जोडऔषधाचं गाणं हवं होतं. एकाच डब्यात दोन विषं, प्रोफेनोफॉस आणि सायपरमेथ्रिन. डब्याला लाल टोपी. गाणं भोंग्यावर नाही म्हणायचं, जळगावच्या स्टुडिओत भरायचं, ढोलकी, बेंजो, सगळं खरं, आणि मग पिकअपवरच्या मोठ्या स्पीकरवरून तीन तालुके फिरवायचं.

चाचा तीस वर्षं फाटक्या भोंग्यातून गात होते. स्टुडिओ हा शब्द ऐकून ते कसे सरळ बसले ते मी पाहिलंय.

पण दोन नावं गाण्यात बसेनात. एकेक घेतलं तर यमक निघायचं, दोन एका दमात घेतली की ठेका मोडायचा. पहिल्या नावापाशी गाणारा श्वास टाकी आणि दुसरं नाव लंगडत मागून येई. तीन सकाळी चहा निवला. चौथ्या दिवशी जितेंद्रचा फोन आला. चाचांनी फोन स्पीकरवर टाकला होता.

"चाचा, उद्याची वेळ घेतलीय. नाव राहू द्या. लोक काय म्हणतात त्याला? लाल टोपी. तेच घाला."

"नाव नाही तर गाणं कसलं?"

"मागाहून घालू ना. दुसरा भाग काढू. आत्ता सीझन निघून चाललाय."

'मागाहून' हा शब्द चाचांनी पकडला. यमक तर मिनिटात सापडलं.

लाल टोपी, लाल टोपी,
कीड सगळी गेली झोपी!

"इतक्या पटकन सापडलं तेव्हाच मला संशय यायला हवा होता," ते पुढे नेहमी म्हणायचे. आपल्या मनाच्या समाधानासाठी त्यांनी शेवटी एक कडवं जोडलं, घाम सुटला, डोळे गळले तर डबा घेऊन दवाखाना गाठ, अशा अर्थाचं. स्टुडिओत ते म्हटलंही. कानाला हेडफोन लावलेला फोटो चाचांनी मला पाठवला होता. त्या फोटोत ते नवरदेवासारखे दिसतात.

गाणं मोबाईलवर आलं ते चाळीस सेकंदांचं होतं. शेवटचं कडवं कापलेलं. जैनबचाचींनी एकदा ऐकलं, पुन्हा लावायला सांगितलं आणि विचारलं, "नाव कुठाय?"

"मागाहून घालणार आहेत."

चाचींनी कुकरचं झाकण लावलं. त्या दिवशी त्या आणखी काही बोलल्या नाहीत. चाचांना ते बोलण्यापेक्षा जास्त लागलं असावं, कारण जितेंद्रला त्यांनी दोनदा फोन केला. तो म्हणाला, सीझन संपू द्या.

ऑगस्टमध्ये भडगावजवळच्या एका खेड्यात समाधान नावाचा पंचविशीतला फवारणारा कपाशीत कोसळला. मालकाच्या शेतात सकाळपासून पाच पंप मारले होते. त्याची आई भागाबाई त्याच शेतात तण निंदत होती. तिनंच त्याला टेम्पोत घालून चाळीसगावला नेलं, तिथून जळगावला पाठवलं. दोन्हीकडे डॉक्टरांनी एकच विचारलं, काय फवारलं होतं? लक्षणं पाहून त्यांनी इंजेक्शनं सुरू केली होती, पण डब्यात आणखी काय आहे ते त्यांना हवं होतं. भागाबाई म्हणाली, लाल टोपी. लाल टोपीचे डबे बाजारात चार-पाच प्रकारचे होते. डबा मालकानं धुऊन गिरणा नदीत फेकला होता आणि मालक फोन उचलत नव्हता. नाव कळायला संध्याकाळ झाली. तोवर समाधानचा श्वास मशीनवर होता.

तो वाचला. अठरा दिवसांनी घरी आला. आता त्याला शर्टाची बटणं आई लावून देते.

सप्टेंबरातल्या एका रविवारी मी घरी होते. दुपारी गल्लीत एक बाई आली. हिरवं लुगडं, डोक्यावर घट्ट पदर, हातात एसटीची तिकिटं तशीच चुरगाळलेली. चाचा ओट्यावर बसून भोंग्याची वायर सोलत होते. ती सरळ त्यांच्यासमोर उभी राहिली.

"कादर तुनंच नाव ना?"

"हो. या, बसा, अक्का."

"बसाले नही उनू मी. लाल टोपीना गाना तूच म्हनस ना? हाऊ आवाज मी झोपमा बी वळखसू."

चाचांनी वायर खाली ठेवली.

"डॉक्टरनी माले इचारं, काय फवारं? मी म्हनी, लाल टोपी. तो म्हने, कोणती लाल टोपी? मंग मी त्याले तुना गाना म्हनी दखाडा. बठ्ठा, पुरा. दवाखानामा, मना पोर्‍याना उशाशी उभी राहीसन मी गाना म्हनी र्‍हायंतू. नर्सा माले याडी समजन्यात. आन त्या बठ्ठा गानामा नावच नही!" तिचा आवाज गल्लीच्या टोकापर्यंत गेला. "तुले नाव माहीत व्हतं ना? सांग. माहीत व्हतं ना?"

"होतं."

"मंग काबर नही घालं?"

मला वाटलं ते जितेंद्रचं नाव घेतील. ते म्हणाले, "बसलं नाही, अक्का. दोन नावं होती. मला ती एका गाण्यात बसवता आली नाहीत."

भागाबाईनं त्यांच्याकडे असं पाहिलं की मी ओट्याच्या खांबामागे सरकले. इतका राग आणि इतका तुच्छ भाव मी कुणाच्या डोळ्यांत एकत्र पाहिला नव्हता.

"एक तोंडमा दोन नाव कसा बसतीन?" ती म्हणाली. "आखाजीना दिन आम्ही बाया नदीना दोन थडीस्वर उभ्या र्‍हातस. एक थडी शिवी देस, दुसरी थडी फेडस. एकटी बाई दोन्हीकडनी शिवी देस का कधी? एवढं बी समजत नही आन गाना करस!"

आखाजीचा हा खेळ खानदेशात सगळ्यांना माहीत आहे. अक्षय्यतृतीयेला दोन गावांच्या बाया ओढ्याच्या किंवा नदीच्या दोन काठांवर जमतात आणि एकमेकींना गाण्यातून शिव्या देतात. एका थडीची ओळ संपते तिथून दुसरी थडी उचलते. जिला जोड सापडत नाही ती थडी हरली. भागाबाई तिच्या गावची पुढची गाणारी होती, हे आम्हाला नंतर कळलं.

चाचा उभे राहिले होते. आत जाऊन ती घडीची चिठ्ठी घेऊन आले. ओट्याच्या एका टोकाला ते, दुसऱ्या टोकाला भागाबाई, मध्ये सोललेली वायर. "अक्का, तुम्ही त्या थडीला उभ्या राहा."

"मी काय तुनासंगे गाना म्हनाले उनू का?"

"नाही. शिव्या द्यायलाच आलात. त्याच द्या. फक्त मी सांगतो ते नाव घेऊन द्या."

आतून जैनबचाची पाण्याचा तांब्या घेऊन आल्या, भागाबाईच्या हातात दिला आणि म्हणाल्या, "द्या अक्का. मोकळ्या हातानं द्या. मी तीन महिने थांबलेय."

संध्याकाळच्या गाडीपर्यंत गाणं झालं. ते ओवीसारखं गोड नव्हतं. ते भांडण होतं, ठेक्यात बसवलेलं. भागाबाई 'सायपरमेथ्रिन' पहिल्यांदा म्हणाली तेव्हा तिची जीभ दोनदा घसरली. तिसऱ्यांदा तिनं ते दातांखाली धरून म्हटलं.

एक थडी:
टोपीखाली कोण बसलं? प्रोफेनोफॉस!
हाताला त्याचा राहतो वास,
साबण लावल्यावाचून घेऊ नको घास.

दुसरी थडी:
त्याच्या शेजारी कोण बसलं? सायपरमेथ्रिन!
भिजला सदरा काढून टाक,
पाण्यानं अंग धू वेळा तीन.

दोन्ही थड्या:
घाम सुटला, डोळे गळले, झोपू नको घरी,
डबा घेऊन दवाखान्याची धर पायरी.

'वास' या शब्दाला चाचा अडले होते. वास न येणाऱ्या माणसानं ती ओळ म्हणायची. जैनबचाची म्हणाल्या, तीच ठेवा.

दुसऱ्या दिवशी चाचा भडगावला गेले आणि जितेंद्रसमोर मागणी ठेवली. एकतर गाण्यात नावं आणि शेवटचं कडवं घाल, नाहीतर माझा आवाज काढ. जितेंद्र म्हणाला, तुम्ही लिहून दिलंय, गाणं माझं. चाचा परत आले. रात्री भिंतीपलीकडून भांडी आपटल्याचा आवाज आला, तो चाचींचा नव्हता.

मग त्यांनी रिक्षा काढली. जैनबचाचींचे भाऊ रमीज चाळीसगावला राहतात. चाचांनी तिथं मुक्काम टाकला आणि ऑक्टोबरभर जितेंद्रचा पिकअप जिथं जाई तिथं मागोमाग गेले. पिकअप थांबला की थांबायचे. त्याचं चाळीस सेकंदांचं गाणं संपलं की आपला भोंगा सुरू करायचे. आपल्याच आवाजाचं गाणं, त्याला आपल्याच आवाजाचा जबाब. पोरं हसायची. पिकअपचा ड्रायव्हर आवाज वाढवायचा, भोंगा फाटेस्तोवर चाचाही वाढवायचे. कुणीतरी मोबाईलवर फिरवलं, की बाहेरचा माणूस येऊन आपल्या शेतकऱ्यांना भडकवतोय. ज्या माणसाच्या तीन पिढ्यांच्या कबरी फैजपूरला आहेत तो बाहेरचा. मी तो मजकूर त्यांना दाखवला नाही. त्यांनी तो आधीच पाहिला होता.

दिवाळीच्या तोंडावर भडगावच्या बाजारात मी त्यांच्याबरोबर होते. रस्त्याच्या मधोमध पिकअप उभा, लाल टोपीची प्लास्टिकची मोठी प्रतिकृती टपावर. एका बाजूला चाचांची रिक्षा. समोरच्या बाजूला, भाजीवाल्या बायांच्या ओळीत, भागाबाई उभी होती. तिच्या हातात सेलवर चालणारा छोटा माईक, चाचांनीच दिलेला. मध्ये रस्ता होता, आणि त्यावर तो पिकअप.

चाचांनी पहिली थडी टाकली. भागाबाईनं दुसरी उचलली. तिसऱ्या फेरीला तिच्या शेजारच्या मेथीवालीनं 'सायपरमेथ्रिन' म्हटलं, मग तिच्या शेजारचीनं. आखाजीला सहा महिने होते, पण बायांना ठेका कळला होता.

जितेंद्र दुकानातून धावत आला. "चाचा, धंद्याच्या वेळेला हा काय तमाशा लावलाय?"

"तुझं गाणं पुरं करतोय."

"गाणं विकलंत तुम्ही मला."

"गाणं ठेव. माझा आवाज परत दे."

"आवाज कसा परत देणार?" लोक हसले, तोही हसला.

"मग नावं घाल."

"चाचा, जरा समजून घ्या. चाळीस सेकंदांच्या वर कोण उभा राहतो? दोन-दोन नावं कोण ऐकतं?"

"मी ऐकस ना!" पलीकडून भागाबाई गरजली. "दवाखानामा बठ्ठं ऐकं मी! मशीनना आवाज बी ऐकं!"

चाचांनी रिक्षातला माईक काढला आणि जितेंद्रच्या हातात दिला. "तू शिकलेला आहेस. मला तीन दिवस जमलं नाही, मी गाढव. तू म्हण. गाऊ नकोस, नुसती म्हण. दोनच नावं आहेत."

जितेंद्रला ती नावं येत होती. शेतकीच्या कुणालाही येतात. तो माईककडे बघत राहिला. मग चिडून, चाचांच्या तोंडाजवळ तोंड नेऊन म्हणाला, "शेतकऱ्याला नावाशी काय करायचंय? त्याला रिझल्ट पाहिजे."

माईक चालू होता. ते वाक्य भोंग्यातून बाजारभर गेलं. पुलापर्यंत गेलं असेल. तराजू थांबले. एक म्हातारा कपाशीवाला, जो मघाशी हसत होता, म्हणाला, "आसं व्हय?"

जितेंद्रनं माईक रिक्षाच्या सीटवर टाकला आणि दुकानात गेला. शटर अर्धं खाली आलं. पिकअप त्या दिवशी पुन्हा वाजला नाही. बायांनी गाणं चौथ्यांदा, पाचव्यांदा म्हटलं, आता चाचांशिवाय, रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी. चाचा रिक्षात बसले होते. मला वाटलं होतं ते खूश असतील.

"तो उद्या दुसरा आवाज आणेल," ते म्हणाले.

तसंच झालं. डिसेंबरात जितेंद्रचं नवं गाणं आलं, कुणा मुलीच्या गोड आवाजात. पिकअपवरून चाचांचा आवाज गेला होता, म्हणजे त्यांनी मागितलेलं मिळालं. टोपी तशीच होती. कीड तशीच झोपी जात होती. चाचांना वाटलं होतं आपल्याला आवाज परत हवाय. तो परत आल्यावर कळलं की हवं होतं ते नाव.

म्हणून गेल्या पावसाळ्यात ते पुन्हा चाळीसगावला गेले, या वेळी चाचींना घेऊन. आता पिकअपवर त्यांचा आवाज नव्हता, त्यांना कुणी विचारत नव्हतं, कुणाचं देणंघेणं उरलं नव्हतं. तरी रिक्षा पिकअपमागे जाई. डॉक्टरांनी त्यांना छातीसाठी गोळ्या दिल्या होत्या, त्यांची चिठ्ठीही ते उलटीकडून वाचत आणि छपाईवरून भांडत. भागाबाई बाजाराच्या दिवशी समाधानचं जेवण करून, त्याची बटणं लावून, आठाच्या गाडीनं येई. मी एकदा विचारलं, दमत नाही का, चाचा? "दमतो. पण तो थांबलाय का?"

ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात एका पहाटे ते उठले नाहीत. जैनबचाचींना वाटलं झोप लागलीय, म्हणून त्यांनी चहा केला, बशी उशाशी ठेवली, चिठ्ठीही ठेवली, आणि मग हाक मारली.

त्यांना दफनाला फैजपूरला आणलं, पण मयताची खबर गावाला द्यायला भोंगा नव्हता. तो चाळीसगावला रिक्षावर होता. घरोघर जाऊन सांगावं लागलं. माझे वडील सांगायला गेले. दफनाच्या दिवशी भागाबाई आली, बायांमध्ये बसली, रडली नाही. जाताना चाचींकडे रिक्षातला माईक मागितला आणि चाळीसगावला जाऊन तो घेऊन गेली.

आदल्या संध्याकाळी ते शेवटचं काय बोलले, असं मी चाचींना विचारलं. मला वाटतं मला काहीतरी मोठं ऐकायचं होतं. चाचींनी आठवून सांगितलं. जेवण झालं होतं, ते हात धूत होते, साबणानं, दोनदा, नेहमीसारखे. टॉवेल मागितला आणि म्हणाले, "जैनब, बॅटरी चार्जिंगला लाव. आणि भागाबाईंच्या माईकमधले सेल बदल, उद्या भडगावचा बाजार आहे."